गाडी ओढत नाही? कार्बोरेटर खोलायच्या आधी टायमिंगचा दात बघा

"भाऊ, मनी गाडी वढस नही." आमच्या पारोळा रस्त्यावरच्या गॅरेजात हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतं, आणि दर वेळी कारण वेगळं निघतं. पण एक प्रकार असा आहे की त्यात गिऱ्हाईकाचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात आणि नवीन पोरगं सगळ्यात जास्त गोंधळतं. तो म्हणजे कॅमचं (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग चुकलेलं असणं. गाडी चालू होते, आयडलला कशीबशी उभी राहते, रस्त्यावर चालतेही, फक्त जीव नसतो तिच्यात. बंद पडली असती तर कोणीही शोधलं असतं, अर्धवट चालते म्हणून फसवते.

मागच्या उन्हाळ्यात अमळनेरकडचा एक शेतकरी स्प्लेंडर घेऊन आला. पंधरा दिवसांपूर्वी दुसरीकडे हाफ इंजिनचं काम झालेलं, पिस्टन नवा, रिंगा नव्या, आणि तेव्हापासून गाडी पन्नासच्या वर जाईना. तो बिचारा परत त्याच ठिकाणी गेला तर प्लग बदलला, मग सीडीआय (प्लगला करंट देणारा डबा) बदलला, मग अख्खा कार्बोरेटर नवीन. लळिंगच्या चढावर मागे बायको बसली तर सेकंड गिअर टाकावा लागायचा म्हणे. मी काही खोललं नाही, फक्त विचारलं, "काका, हे कधीपासून?" तर म्हणाले इंजिन उघडल्यापासून. संपलं, तिथंच अर्धं निदान झालं. कॅमच्या बाजूचं गोल झाकण काढलं, एक दात मागे. टायमिंग बसवायला अर्धा तास लागला आणि जुना कार्बोरेटर त्यांच्या पिशवीत तसाच होता, तो परत लावून दिला, चांगला होता तो.

तर हे नवीन शिकणाऱ्या पोरांसाठी लिहितोय, आणि ज्यांना स्वतःच्या गाडीला घरी हात लावायची हौस आहे त्यांच्यासाठी पण. उदाहरण स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीचं घेतो कारण १९९४ पासून आपल्याकडे गल्लीगल्लीत तीच आहे आणि शिकायला तिच्यासारखं इंजिन नाही. कारचं शेवटी थोडं सांगतो.

आधी डोक्यात नीट बसवा की टायमिंग म्हणजे काय

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक फेरा मारतो. क्रँकवर छोटं चाक, कॅमवर बरोबर दुप्पट दातांचं चाक, मध्ये टायमिंग चेन. पिस्टन कुठे आहे हे क्रँक ठरवतो, व्हॉल्व कधी उघडायचा ते कॅम ठरवतो, आणि दोघांचा मेळ फक्त त्या चेनवर आहे.

शेतात पाण्याचं दारं धरलंय ना कधी? रात्री लाईट आली, मोटर चालू केली, पाणी पाटातून येतंय. वाफा भरला की लगेच दारं मोडून पुढच्या वाफ्यात पाणी घ्यायचं असतं. डुलकी लागली आणि उशीर झाला तर भरलेला वाफा फुटतो आणि पाणी उलटं पाटात जातं. लवकर मोडलं तर मागचा वाफा अर्धाच भिजतो. मोटर तीच, पाणी तेवढंच, विहीर तीच, फक्त दारं मोडायची वेळ चुकली. इंजिनात पण अगदी हेच होतं, पेट्रोल ठीक, करंट ठीक, पण व्हॉल्वचं दारं चुकीच्या वेळेला.

आता थोडा हिशोब, कंटाळू नका. समजा कॅमच्या चाकाला २८ दात आहेत. ३६० भागिले २८, म्हणजे एक दात जवळजवळ १३ डिग्रीचा. पण कॅम अर्ध्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकच्या हिशोबाने तेच जवळजवळ २६ डिग्री होतात. "एकच दात तर चुकला" असं जे म्हणतात ना, त्यांना हा आकडा सांगा. इनटेक व्हॉल्व हा पिस्टन खाली पोचल्यावर लगेच बंद होत नाही, थोडा उशिराच बंद होतो, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं कारण आत येणारी हवा जोरात असते आणि अजून थोडी भरते. त्यात अजून २६ डिग्री उशीर झाला की पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि भरलेलं मिक्श्चर परत कार्बोरेटरकडे ढकलतो. म्हणून अशा गाडीचा एअर फिल्टर काढला तर कधीकधी पेट्रोलने ओलसर लागतो, वास येतो. त्या अमळनेरच्या गाडीचा फिल्टर मी हातात घेऊन दाबला तर बोटं ओली झाली होती. कार्बोरेटर बदलणाऱ्याने पण तो ओला फिल्टर पाहिला असणारच, पण त्याने त्याचा अर्थ लावला "कार्बोरेटर ओव्हर होतोय" असा.

लक्षणं

कॅम मागे म्हणजे लेट असेल तर गाडी खालून मरते. पहिल्या-दुसऱ्या गिअरला दम नाही, कीक मारताना पाय हलका जातो, कम्प्रेशन कमी लागतं, सकाळी थंडीत चालू व्हायला त्रास, कार्बोरेटरमधून फस्सकन उलटा फुंकारा. थोडीशीच लेट असेल तर वरच्या आरपीएमला उलट बरी वाटते, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतो "पळायला लागली की पळते पण उचलत नाही".

कॅम पुढे म्हणजे ॲडव्हान्स असेल तर उलटं. खालून बरी वाटते, कीक कडक पण लागू शकते, पण वर जायचं म्हटलं की दम तुटतो, कितीही ॲक्सिलेटर पिळा. एक्झॉस्ट व्हॉल्व लवकर उघडतो, म्हणजे पिस्टनला खाली ढकलायचं काम पूर्ण व्हायच्या आतच जळता गॅस सायलेन्सरमध्ये सुटतो, आवाज वेगळा येतो, बेंड पाईप जास्त तापतो.

दोन्हीत ॲव्हरेज पडतं, इंजिन तापतं, आयडल स्थिर राहत नाही, सायलेन्सर अधूनमधून फटके मारतो. दोन-तीन दात चुकले तर बहुतेक चालूच होत नाही, आणि काही इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्ववर आदळतो, व्हॉल्व वाकतो, मग खर्च हजारांत जातो. म्हणून पुढे एक नियम सांगणार आहे हाताने फिरवायचा, तो मोडायचा नाही.

पण नुसत्या लक्षणांवर निदान करू नका हां. हीच लक्षणं दहा गोष्टींची असतात.

पहिला प्रश्न, पाना हातात घ्यायच्या आधी

"शेवटचं इंजिन कधी उघडलं होतं? आणि त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू?"

उघडल्यानंतर लगेच त्रास सुरू असेल तर टायमिंग संशयितांत पहिलं. इंजिन कधीच उघडलेलं नाही, हळूहळू दोन वर्षांत गाडी मरत गेली आणि हेडच्या डाव्या बाजूला चेनचा खडखड आवाज येतो, तर चेन लांबलेली किंवा टेन्शनर (चेन ताणून धरणारा) गेलेला. इंजिन उघडलेलं नाही, चेनचा आवाज नाही, काल चांगली होती आज नाही, तर मग टायमिंगचं नाव आधी घेऊच नका, दुसरीकडे बघा.

दुसरीकडे म्हणजे कुठे? फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी. स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा, ब्रेक धरून बसलाय का बघा, अर्ध्या "ओढत नाही" गाड्या इथंच सुटतात. मग चालवून बघा, आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही असं असेल तर क्लच प्लेट घसरतायत, इंजिनाचा दोष नाही. मग एअर फिल्टर. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या बाजूने रोज जाणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर अक्षरशः कापसाची गोधडी बसलेली असते. मग सायलेन्सर. गाडी महिनाभर खळ्यात उभी असेल तर सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करून ठेवते, हसू नका, मी दोनदा काढलंय, एकदा तर गिऱ्हाईकाचा विश्वासच बसेना. मग प्लग, मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. टॅपेट टाईट असले की गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि कम्प्रेशन पळतं, ते पण टायमिंगसारखंच दिसतं, आणि टॅपेटचं अंतर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, थंड इंजिनावर, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). बोटाच्या अंदाजाने टॅपेट करणारे उस्ताद आहेत, मी त्यांना मानतो, पण तुम्ही अजून उस्ताद नाही.

हे सगळं ठीक निघालं आणि उत्तर "इंजिन उघडल्यापासून" हेच असेल तर आता टायमिंग.

काय काय लागेल

गोटी सेट, ८ आणि १० चा टी पाना, प्लग पाना, चपटा पेचकस, टॉर्च, फिलर गेज, स्वच्छ कापड, तांब्याच्या तारेचा एक हातभर तुकडा, आणि प्लगच्या भोकात घालायला प्लास्टिकची जाड स्ट्रॉ किंवा झाडूची काडी. लोखंडी सळई घालू नका, पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, त्याला ओरखडे पडतात आणि वाकडी घातली तर अडकते. टॉर्क पाना असेल तर फार छान.

इंजिन थंड पाहिजे, हे जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात सांगायला पण विचित्र वाटतं कारण ४४-४५ डिग्रीत सावलीत उभी गाडी पण चटका देते. सकाळी सात वाजता काम करा, रात्रभर उभी असलेली गाडी.

आता बघायचं कसं

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रल, प्लग काढून टाका. प्लग काढला की कम्प्रेशन नाही, इंजिन बोटाने फिरतं आणि खूण बरोबर जागी थांबवता येते. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून घ्या, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये.

डाव्या बाजूला मॅग्नेटचं, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसवलेल्या जड चाकाचं, कव्हर आहे. बऱ्याच गाड्यांच्या कव्हरला दोन झाकणं असतात, एकातून क्रँकचा नट दिसतो आणि दुसऱ्यातून मॅग्नेटवरच्या खुणा दिसतात. झाकणं नसतील किंवा गंजून बसली असतील तर पूर्ण कव्हर काढा, भांडत बसू नका. मग हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण काढा, आत कॅमचं दात्याचं चाक दिसेल. स्प्लेंडरसारख्या गाडीत कॅमच्या चाकावर एक खूण असते आणि समोर हेडच्या कडेला तिच्यासाठी एक खाच असते, दुसऱ्या गाड्यांत खुणा वेगळ्या असू शकतात, त्या गाडीचं मॅन्युअल बघा.

आता मॅग्नेट फिरवा. स्प्लेंडरसारख्या गाडीत डावीकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने, म्हणजे पुढे जाताना गाडीचं चाक जसं फिरतं तसंच. नट फिरवायचा नसेल तर एक सोपी युक्ती, गाडी टॉप गिअरला टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढे फिरवा, इंजिन फिरतं. मी पोरांना हेच शिकवतो, चाक फिरवणारा एक, खुणा बघणारा एक.

मॅग्नेटवर दोन अक्षरं येतील, इंग्रजीतलं 'एफ' आणि 'टी'. इथे माझं स्वतःचं पाप सांगतो. शिकायला लागून दोन महिने झाले होते, उस्ताद धुळ्याला सामान आणायला गेले होते, आणि मी एकट्याने हेड बसवलं. पहिली खूण दिसली, रेघ जुळली, खूश, कॅमची खूण लावली, बोल्ट कसले. ती 'एफ' होती. एफ म्हणजे प्लगला करंट कधी पडतो त्याची खूण, ती टॉपच्या थोडी आधी येते. टायमिंग बसवायचं ते 'टी' वर, पिस्टन एकदम वर असताना. एफवर लावली तर कॅमचं चाक एक दात सरकलेलं राहू शकतं, गाडी चालू होते, आणि दोन दिवस कोणालाच कळत नाही काय झालं. उस्तादांनी आल्यावर कीक मारली आणि पाय अर्ध्यात थांबवून माझ्याकडे फक्त पाहिलं. संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाताना पण काही बोलले नाहीत, सकाळी फक्त म्हणाले, "उघड परत."

तर टी ची रेघ कव्हरच्या खाचेशी जुळवा. आता खात्री करा की ही खरीच टॉप आहे. प्लगच्या भोकात स्ट्रॉ उभी धरा, मॅग्नेट थोडा पुढेमागे हलवा, स्ट्रॉ सगळ्यात वर येते तेव्हा टी समोर असली पाहिजे. नसेल तर मोठी गंमत आहे, म्हणजे मॅग्नेटच क्रँकवर सरकलाय, आतली अर्धचंद्रासारखी छोटी चावी तुटली किंवा मॅग्नेट ती न घालताच बसवला. अशा वेळी खूणच खोटी बोलते आणि तुम्ही खोट्या खुणेला कॅम जुळवत बसता, शिवाय करंटचं टायमिंग पण गेलेलं असतं. क्वचित होतं, पण ज्याचं होतं तो चार गॅरेज फिरतो.

टी जुळली, आता कॅमकडे बघा. खूण खाचेसमोर असेल तर टायमिंग बरोबर आहे, झाकण लावा आणि दुसरा दोष शोधा. खूण बरोबर उलट्या बाजूला असेल तर घाबरू नका, ते चुकलेलं नाही. क्रँक दोन फेऱ्यांत दोनदा टी वर येतो, कॅम एकदाच. अजून एक पूर्ण फेरा मारा, खूण समोर येईल. कम्प्रेशनवर आहे का हे बघायचं असेल तर प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून फिरवा, हवा अंगठा ढकलते तो फेरा कम्प्रेशनचा, आणि त्या टी वर दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. कोणी सांगेल "१८० डिग्री उलटं बसलंय म्हणून चालू होत नाही", तर ज्या गाडीत करंटचा पल्सर (करंट कधी पडायचा ते सांगणारी कॉईल) क्रँकच्या मॅग्नेटवर आहे तिथं प्लग प्रत्येक फेऱ्याला फटका देतो, एकदा कामाचा एकदा फुकट, त्यामुळे ती भानगड तिथं नसतेच.

आणि खूण खाचेच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे असेल तर सापडला चोर. कॅम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने बघा. खूण खाचेपर्यंत पोचायचीच राहिली असेल तर कॅम लेट. खाच ओलांडून पुढे गेली असेल तर ॲडव्हान्स. दात मोजा, एक की दोन. अर्ध्या दाताएवढीच चुकलेली दिसली तर तो दाताचा दोष नाही, एक तर तुमची टी नीट जुळलेली नाही, नाहीतर चेन लांबलीय. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, गिऱ्हाईकाला दाखवायला, आणि आपल्यालाच नंतर आठवायला.

एक सवय लावून घ्या, फिरवताना टी पुढे निघून गेली तर जरासं मागे घेऊन जुळवू नका. मागे घेतलं की चेनचा सैलपणा ओढणाऱ्या बाजूला जातो आणि खूण चुकीची दिसते. अजून पूर्ण फेरे मारून परत समोरून या. कंटाळा येतो, पण तेच बरोबर.

बसवायचं

आधी कॅमच्या चाकाखालच्या खड्ड्यात कापड कोंबा. बोल्ट तिथून क्रँककेसमध्ये पडतो, आणि पडलेला बोल्ट काढायला कधीकधी इंजिन खाली उतरवावं लागतं. मग टेन्शनर सैल करा. काही गाड्यांत खालून बोल्ट काढून आतली स्प्रिंग आणि रॉड, काहींत मागून दोन बोल्टचा आपोआप ताण घेणारा टेन्शनर. दुसऱ्या प्रकारचा काढला की परत लावताना आधी त्याचा दांडा पूर्ण आत फिरवून घ्यावा लागतो, तसाच बाहेर आलेला ठोकून बसवला तर चेन इतकी ताणते की गाईड (चेन ज्याला घासून जाते ती पट्टी) महिन्यात जातं.

कॅमच्या चाकाचे बोल्ट काढा. ती हातभर तार आत्ता कामाची, चेनमध्ये ओवून हँडलला बांधा. चेन हातातून सुटून आत गेली आणि खाली छोट्या चाकावरून उतरली की मग मुळापासून काम. तार बांधायला एक मिनिट लागतो.

टी जागेवर आहे का परत बघा, कारण या गडबडीत क्रँक हललेला असतोच. मग चाक चेनमधून एक दात फिरवून खूण खाचेसमोर आणा. इथे नवीन पोरांची एक चूक ठरलेली, सैल चेनवर खूण जुळवतात आणि टेन्शनर लावल्यावर चाक अर्धा दात ओढलं जातं. म्हणून ओढणाऱ्या बाजूची चेन आधी हाताने ताणलेली ठेवा, सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला जाऊ द्या. बोल्ट हाताने लावा, टेन्शनर लावा, मग खूण परत बघा.

आता तो नियम. बोल्ट कसल्यावर कीक मारायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. हाताने मॅग्नेटचे दोन पूर्ण फेरे, हळूहळू. कुठेही कडक अडलं तर थांबा, जोर लावू नका, ते पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांना भेटतायत असं समजा आणि परत उघडा. दोन फेऱ्यांनंतर टी आणि कॅमची खूण दोन्ही परत जुळल्या पाहिजेत. जुळल्या की मगच टॅपेट, मग प्लग, मग कीक. बरोबर बसलेल्या गाडीची कीक पायाला कळते, खाली एक गच्च टेकू लागतो.

चेन लांबली असेल तर

खूण पाव-अर्धा दात लेट दिसते, आणि कितीही वेळा बसवली तरी तशीच. चेन लांबली की कॅम नेहमी मागेच राहतो, पुढे कधी जात नाही, कारण क्रँक चेन ओढतो आणि लांबलेल्या बाजूमुळे कॅमला उशिरा निरोप पोचतो. इथे एक दात पुढे घेऊन "ॲडजस्ट" करू नका, मग ती ॲडव्हान्स होते आणि दुसरं दुखणं सुरू. चेन नवीन, सोबत गाईड आणि टेन्शनरचं रबर पण बघा. आणि दुकानात नीट सांगा, "टायमिंग चेन". नुसतं चेन किट म्हटलं की काऊंटरवरचा पोरगा मागच्या चाकाची चेन आणि दोन स्प्रॉकेट काढून देतो. स्कूटरवाल्यांचं अजून वेगळं, तिथला पट्टा म्हणजे ड्राईव्हचा बेल्ट, इंजिनाचं टायमिंग बहुतेक स्कूटरच्या आत चेनवरच असतं, तो पट्टा बदलून टायमिंग सुधारत नाही.

कारचं थोडक्यात

मारुती ८०० आणि ओम्नी, दोघींचं ७९६ सीसीचं इंजिन टायमिंग बेल्टवर. आपल्याकडे ओम्नी अजून लग्नाच्या वऱ्हाडापासून भाजीपर्यंत सगळं वाहतायत. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा) कॅमवरूनच फिरतो, म्हणून बेल्ट एक दात चुकला की व्हॉल्व आणि करंट दोन्हीचं टायमिंग सोबत बिघडतं. मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवून करंटचं टायमिंग ओढून आणतो, गाडी थोडी सुधारते, आणि मूळ दोष आत तसाच राहतो. डिस्ट्रिब्युटर एकदम टोकाला फिरवावा लागत असेल तर बेल्टवर संशय घ्या.

जास्त सिलेंडरच्या गाडीत कम्प्रेशन टेस्ट फार बोलते. सगळे प्लग काढून, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलेंडरचं गेज घ्या. एकच सिलेंडर कमी असेल तर रिंग किंवा व्हॉल्व. सगळे सारखेच कमी असतील तर कॅम लेट असू शकतो. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत घ्या, आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, चढला नाही तर टायमिंगकडे वळा. ॲक्सिलेटर न दाबता टेस्ट केली तर सगळे आकडे कमीच येतात आणि चांगल्या इंजिनाचं हेड उतरवलं जातं. पेट्रोल गाडीत व्हॅक्यूम गेज असेल तर आयडलला काटा स्थिर पण खाली, हे पण लेट टायमिंगचं जुनं लक्षण. काटा थरथरत असेल तर ते वेगळं, व्हॉल्व किंवा मिसिंगकडे बघा.

नवीन गाड्यांना क्रँकचा आणि कॅमचा सेन्सर वेगवेगळा असतो. स्कॅनरवर पी ००१६ आला तर कॉम्प्युटर सांगतोय की या दोघांचा मेळ बसत नाही. लगेच सेन्सर बदलू नका, सेन्सर खरंच बोलत असेल. कॅमचं टायमिंग ऑईलच्या दाबावर बदलणारी गाडी असेल तर आधी ऑईलची पातळी आणि ऑईल बघा, काळं डांबर झालेलं ऑईल असेल तर तिथूनच सुरुवात. आणि चेनवाल्या डिझेल कारला हात लावायच्या आधी तिचे लॉकिंग टूल हवेत, पेंटने खुणा करून काम करणारे आहेत, चूक झाली तर व्हॉल्व वाकतात, नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

ट्रॅक्टरला बहुतेक टायमिंग गिअर असतात, दातांवर टिंबं असतात, तिथं चेन-बेल्टसारखं आपोआप सरकत नाही. चुकलं तर ओव्हरहॉल करतानाच चुकतं. डिझेल पंपाचं टायमिंग वेगळं, काळा-पांढरा धूर बघून आधी पंप आणि नोझल तपासा.

रस्त्यावर नेऊन बघा

टायमिंग बसवल्यावर आयडल परत लावावं लागतं, कारण आधीच्याने मरणारी गाडी उभी राहावी म्हणून आयडलचा आणि हवेचा स्क्रू वाट्टेल तसा पिळलेला असतो. गरम करून, आयडल खाली आणून, हवेचा स्क्रू हळूहळू फिरवून आवाज स्वच्छ येईल तिथं ठेवा. मग चढ. धुळ्यावाल्यांना लळिंग आहे, चाळीसगाववाल्यांना कन्नडचा घाट आहे, जळगावकडच्यांनी एखादा उड्डाणपूल घ्या, दोन माणसं बसवून. आधी कुठल्या गिअरला चढत होती ते गिऱ्हाईकाला विचारून ठेवलेलं असेल तर फरक त्यालाच विचारा. परत आल्यावर चेनचा आवाज ऐका, पेचकसाचं टोक हेडला लावून मूठ कानाला लावली की आतलं सगळं ऐकू येतं.

आणि गोल झाकणाची जुनी रबर रिंग चपटी झाली असेल तर ती परत लावू नका, दहा-वीस रुपयांची असते. अमळनेरच्या काकांची मी त्या दिवशी तशीच लावली, दुकान बंद होतं म्हणून. आठ दिवसांनी आले, गाडी मस्त ओढते म्हणाले, आणि डाव्या पायाची पांढरी पँट पुढे करून दाखवली, गुडघ्यापासून खाली ऑईलच ऑईल. चहा मलाच पाजावा लागला.